गेटवरूनच परत पाठवलं, हातात पत्र नाही. केस होते का?

(ही चर्चा ऑगस्ट २०२५ ची. खाली आलेला औद्योगिक विवाद कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंतच लागू होता, आणि वेगळं रजिस्टर पोस्ट ऑगस्ट २०२५ पर्यंतच होतं.)

प्रेसशॉप_गेवराई (१९ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. गाव गेवराई तालुक्यातलं, सध्या रांजणगाव शेणपुंजीला खोली करून राहतो. वाळूजच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर होतो. नोव्हेंबर २०२१ ला ठेकेदाराकडून लागलो, एप्रिल २०२३ पासून पगाराची स्लिप कंपनीच्या नावाची.

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात डायखाली, म्हणजे साच्याखाली, राहायचा सवालच नाही. प्रॉडक्शन निघावं म्हणून सुपरवायझरनं डावं बटण चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलं होतं. मी पट्टी काढली. जॉब, म्हणजे मशीनवरचा माल, कमी निघाला, तोंडातोंडी झाली. १४ जूनला सकाळी वॉचमन म्हणाला, तुझं कार्ड बंद केलंय. तीन दिवस गेटवर उभा राहिलो, साहेब काही बाहेर आले नाहीत. आता फोनवर म्हणायलेत, राजीनामा लिहून दे, चाळीस हजार घेऊन जा. घरचे म्हणतात, घे आणि पोळ्याला गावाकडं ये. काय करावं?

बजाजनगरकर

घेऊन टाक भाऊ. माझ्या मेव्हण्याची केस सहा वर्षं चालली. निकाल लागला तेव्हा कंपनीच्या जागेवर गोडाऊन झालं होतं.

जुना_टर्नर

बजाजनगरकर खोटं सांगत नाहीत. मला २००८ ला काढलं, निकाल आला २०१५ ला. पैसे घ्यायचे की लढायचं हे तुमच्या घरच्या हिशोबावर ठरवा, त्यात मी पडत नाही. पण आज राजीनाम्यावर सही करू नका. एकदा सही झाली की ‘काढलं’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. ‘जबरदस्तीनं सही घेतली’ असं नंतर सांगणारे मी लेबर कोर्टाच्या बाकावर खूप पाहिले.

तुम्हाला पत्र का दिलं नाही, माहितीय? उद्या कोर्टात सांगायला, की हा गडी स्वतःच काम सोडून गेला. म्हणून आजच एक कागद लिहा: ‘१४ जूनपासून मला गेटवर अडवलं आहे, मी कामावर यायला तयार आहे.’ साध्या मराठीत, शिव्या न देता. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, स्लिपा, सगळ्याच्या झेरॉक्स काढा.

कंपनीला तीनपैकी एक काहीतरी सांगावं लागतं. तुमची चूक म्हणाली तर आरोपपत्र कुठंय, चौकशी कुठंय? काम कमी झालं म्हणाली तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार कुठंय? वर्षात २४० दिवस भरले की हा हक्क लागतो, तुमचे भरलेत. आणि स्वतः सोडून गेला म्हणाली, तरी बोलावल्याची पत्रं आणि चौकशी लागतेच. नुसत्या गैरहजेरीवर नाव कमी करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९३ लाच सांगितलंय.

माझी चौकशी झाली होती म्हणा. चौकशी अधिकारी कंपनीचाच वकील, साक्षीदार माझाच सुपरवायझर. कोर्टानं आधी तेवढंच पाहिलं, चौकशी नीट झाली का. त्यालाच तीन वर्षं गेली. उलटतपासात त्यांच्या वकिलानं एक फोटो काढला: मी साडूच्या पानटपरीवर बसलेलो. ‘हा तुमचा धंदा ना?’ मी म्हटलं, साडू लग्नाला गेला तेव्हा दोन दिवस बसलो होतो. कामावर घ्यायचा निकाल झाला, पण मागचा पगार निम्माच मिळाला. म्हणून मधल्या काळात पोट कसं भरलं ते खरं सांगा आणि ‘मला दुसरी नोकरी नव्हती’ हे अर्जातच लिहा. तसं लिहिलं की उलट सिद्ध करायचं ओझं कंपनीवर जातं. हा २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, तोही आपल्याच संभाजीनगरच्या एका शिक्षिकेचा.

कोर्टाच्या_पायरीवरून

टर्नरकाकांनी बरंचसं सांगितलंच. मी वकिली करते, दोनच गोष्टी घालते.

रस्ते दोन आहेत. एक, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ खाली कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. तिथं समेट झाला नाही तर ४५ दिवसांनी थेट लेबर कोर्टात जाता येतं, मुदत कामावरून काढल्यापासून तीन वर्षं. दुसरा, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे कंपनी कामगाराशी गैर वागल्याची, तक्रार. तिला मुदत ९० दिवसांची, म्हणजे तुमची १२ सप्टेंबरला संपते. उशीर माफ होतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. दोन्ही दारं एकदम ठोठावता येत नाहीत. ठेकेदाराच्या स्लिपवरच्या कामगाराची तक्रार ‘हा आमचा माणूसच नाही’ एवढ्यावर अडकते. तुमच्याकडं एप्रिल २०२३ पासून कंपनीची स्लिप आहे, ती जपा.

फीची काळजी करू नका. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

प्रेसशॉप_गेवराई (२९ ऑगस्ट)

काका, पत्र पाठवलं होतं. पाकीट आज माघारी आलं. पोस्टमननं वर लिहिलंय ‘घेण्यास नकार’. म्हणजे वाया गेलं का? दुसरं पाठवू?

जुना_टर्नर

वाया कशानं? याच्याइतका चांगला कागद तुमच्याकडं दुसरा नाही. पाकीट फोडू नका, आहे तसं प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ते कोर्टात जजसमोर फोडायचं. आणि सोमवारी प्राधिकरणात जा, १२ तारीख डोक्यावर आलीय.

प्रेसशॉप_गेवराई

बायकोनं कात्री घेतली होती हातात. थांबवलं.