जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये स्वतःचे लिंट-नियम लिहावेत का?

मुळाकाठ
माझं उत्तर ठाम हो. रिव्ह्यूमध्ये तीच कमेंट पुन्हापुन्हा लिहावी लागत असेल, तर तिचा ईएसलिंटचा (कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणाऱ्या ‘लिंट’ साधनाचा) नियम करून टाकावा. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये रक्कम दाखवायला जो तो थेट टूफिक्स्ड (आकडा ठरावीक दशांशांपर्यंत दाखवणारी मेथड) लावायचा. १.००५ ला दोन दशांशांपर्यंत लावून बघा, १.०१ नाही, १.०० येतं. लाखाचा स्वल्पविरामही मिळत नाही. मग नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स या ईएसलिंटच्या तयार नियमात एक सिलेक्टर (कोडमधली कोणती रचना अडवायची ते सांगणारा नमुना) टाकला आणि मेसेज दिला: ‘रकमेसाठी आपलं फॉरमॅटरुपये वापरा.’ त्यासाठी प्लगिन, म्हणजे स्वतःच्या नियमांची वेगळी जोडणी, लिहावं लागलं नाही. नव्या माणसाला आता एडिटरच सांगतो.

गवतीचहा
मला नाही पटत. हा सिलेक्टर फक्त मेथडचं नाव बघतो. वजन, टक्केवारी, अक्षांश, इथं टूफिक्स्ड चालतं, तरी लाल रेघ येणारच. मग लोक वर ईएसलिंट-डिसेबल-नेक्स्ट-लाइन ही पुढच्या ओळीपुरता नियम बंद करणारी कमेंट चिकटवून मोकळे होतात, आणि पुढे खरी चूकही त्याच कमेंटखाली खपून जाते.
शिवाय सांभाळायचं कुणी? एप्रिल २०२४ मध्ये ईएसलिंट ९ आलं, फ्लॅट कॉन्फिग (सेटिंग लिहायची नवी पद्धत) डीफॉल्ट झाली, नियमांत वापरलं जाणारं कॉन्टेक्स्टवरचं गेटस्कोप हे फंक्शन काढून टाकलं. हौसेनं नियम लिहिणारा तोवर कंपनी सोडून गेला असेल तर अपग्रेड तिथेच अडकतं. त्यापेक्षा टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) रकमेला वेगळा टाइप द्या.

मुळाकाठ
असा वेगळ्या टाइपचा शिक्का मारलेला, म्हणजे ब्रँडेड, नंबर शेवटी नंबरच, त्यावर टूफिक्स्ड बिनबोभाट चालतं. रक्कम ऑब्जेक्टमध्ये ठेवली तरच अडवता येईल, आणि जुन्या कोडमध्ये त्यासाठी निम्म्या फायली उघडाव्या लागतील. वजनाचं म्हणाल तर फ्लॅट कॉन्फिगमध्ये ‘फाइल्स’ देऊन नियम फक्त बिलिंगच्या फोल्डरला लावा.

रानपाखरू
इथेच खड्डा आहे, सांभाळा. त्या फोल्डरसाठी नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स पुन्हा लिहिलं की आधीच्या ब्लॉकमधली सिलेक्टरची यादी त्यात मिसळत नाही, तिच्या जागी नवी यादी बसते. बाकीची बंधनं बिलिंगमधून गुपचूप उडतात, एरर कसलीच येत नाही. डिसेबल कमेंटही एका फटक्यात सगळे सिलेक्टर बंद करते. म्हणून मी मुळाकाठ यांच्याच बाजूनं आहे, पण शॉर्टकट नको. खरा नियम लिहा: मेटा (नियमाची माहिती), क्रिएट, आत कॉलएक्स्प्रेशनचा व्हिजिटर (प्रत्येक फंक्शन-कॉल तपासणारा भाग), शेवटी चूक कळवणारं कॉन्टेक्स्ट.रिपोर्ट. वीसेक ओळींत होतो. प्लगिन म्हणून तो थेट कॉन्फिग फाइलमध्येच जोडता येतो, एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक पॅकेज-साठ्यावर, टाकायची गरज नाही. आणि नियमाची पातळी ‘वॉर्न’ (नुसता इशारा) अजिबात ठेवू नका. पिवळ्या रेघा कुणी वाचत नाही.

गवतीचहा
वीस ओळी लिहायला. त्यांच्या टेस्ट कुठे आहेत? बहुतेक घरगुती नियमांना रूलटेस्टर (नियम तपासायचं ईएसलिंटचंच साधन) लावलेलाच नसतो. बिलिंगमध्येसुद्धा जीएसटीचा दर टूफिक्स्डनेच दाखवतात, तो रक्कम नाही. ती उदाहरणं टेस्टच्या ‘व्हॅलिड’ (चालणाऱ्या कोडच्या) यादीत दिसल्याशिवाय असा पीआर (बदलाचा प्रस्ताव) मी तरी मर्ज होऊ देणार नाही.