'परवडणारी घरे' : परवडणारी कोणाला?

घरभाडं, भाडेनियंत्रण आणि बेघरांसाठीची धोरणं यांवर लोकांचं मत विचारणारी एक प्रश्नावली मराठीत आणतेय. पहिल्याच प्रश्नावर अडले: 'परवडणारी घरे पुरेशी आहेत असे आपल्याला वाटते का?' कसं वाटतं पाहावं म्हणून आत्याला वाचून दाखवलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "परवडणारी म्हणजे कोणाला गं?" मला उत्तर देता येईना. 'भाडेनियंत्रण' आणि 'बेघर' या शब्दांबद्दलही आता शंका येऊ लागली आहे. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

आत्याबाईंनी नेमकं दुखणं पकडलं. 'परवडणे' हे क्रियापद 'कोणाला' याच्या उत्तराशिवाय उभंच राहत नाही. मला परवडतं, त्यांना परवडत नाही. त्याचं 'परवडणारी' असं विशेषण केलं की तो 'कोणाला' गळून पडतो, आणि परवडणं हा जणू घराचाच गुण होतो, दोन खोल्यांचं किंवा पूर्वाभिमुख असावं तसा. धोरणावरचं सगळं भांडण मात्र त्या गळालेल्या शब्दावरच असतं.

आणखी एक. भाडेकरू म्हणतो, "हे भाडं मला परवडत नाही." घरमालकही म्हणतो, "एवढ्या भाड्यात मला परवडत नाही." दोघंही बरोबर मराठी बोलतात. 'ऐपत' फक्त पैसे मोजणाऱ्याची असते, 'परवडणं' देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोघांचं. शिवाय "रोजचा दोन तासांचा प्रवास परवडला, पण हे भाडं नको" असंही आपण म्हणतो. तिथे परवडणं म्हणजे दोन त्रासांतला कमी त्रास पत्करणं. इतका बोलका शब्द हाताशी असताना तो प्रश्नावलीत अर्धाच का वापरायचा?

प्रतिसाद

सरकारी व्याख्येत 'कोणाला'ऐवजी 'किती' येतं. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च म्हणजे परवडणारा, हा दंडक बराच चालतो. अमेरिकेत सरकारी मदतीच्या घरांसाठी तो आधी २५ टक्के होता, १९८१ साली ३० झाला. म्हणजे कायदा बदलला आणि तेच घर तेवढ्याच पगारात 'परवडणारं' ठरलं. उरलेल्या ७० टक्क्यांत किराणा, औषधं, फी भागते का, ते टक्केवारी सांगत नाही.

'भाडेनियंत्रण' मलाही खटकतं. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: भाडं गोठवणं, वर्षाची वाढ ठरावीक टक्क्यांवर रोखणं, आणि घर रिकामं झालं की नव्या भाडेकरूला नवा दर लावू देणं किंवा न देणं. जर्मन लोकांनी बर्लिनच्या २०२०च्या कायद्याला 'मीटेनडेकेल' म्हटलं, शब्दशः 'भाड्यावरचं झाकण'. तिथल्या घटना न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला, कारण हा विषय संघराज्याच्या कायद्याने आधीच हाताळला होता, बर्लिनला तो अधिकार नव्हता. पण काय केलं जातंय, ते नुसत्या नावावरून कळत होतं. अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये मतदारांनी २०२१ साली मंजूर केली ती वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा. 'भाडेनियंत्रण हवे का?' असं विचारलं तर उत्तर देणाऱ्याने यातलं कशाला हो म्हटलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोवरचा २०१९चा अभ्यास तर वर सांगितलेल्या दुहेरी 'परवडण्या'चंच उदाहरण आहे. नियंत्रण लागू झालेल्या घरांतले भाडेकरू टिकून राहिले, त्यांना परवडलं. मालकांना परवडेनासं झालं, आणि त्या इमारतींतली भाड्याची घरं १५ टक्क्यांनी घटली. एकाच प्रश्नात दोन्ही बाजू मावणार नाहीत. दोन प्रश्न करा.

प्रतिसाद

'बेघर'बद्दल. हा शब्द ऐकला की फुटपाथवर झोपलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण युरोपातल्या 'इथॉस' वर्गीकरणात चार पायऱ्या आहेत: डोक्यावर छप्परच नाही, छप्पर आहे पण घर नाही (निवाराकेंद्र), घर आहे पण कधीही सुटेल, आणि घर आहे पण राहण्यालायक नाही. फिनलंडच्या मोजणीत नातेवाइकांकडे, मित्रांकडे तात्पुरते राहणारेही बेघरच धरतात, आणि तिथे त्यांचीच संख्या जास्त असते. अमेरिकेची जानेवारीतल्या एका रात्रीची मोजणी त्यांना धरत नाही. शब्द तोच, माणसं वेगळी.

'निराधार' लिहू नका, कळकळीने सांगतो. त्यात 'कोणी नाही' असा अर्थ येतो. घर नसलेल्या बाईला भाऊ असतो, मुलं असतात, नोकरीसुद्धा असते. अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हेत खर्चाबद्दल विचारताना काहींना 'वेल्फेअर' आणि काहींना 'गरिबांना मदत' असे शब्द दिले, तेव्हा दुसऱ्या शब्दांना पाठिंबा कितीतरी जास्त मिळाला. शब्द निवडणाऱ्यावर एवढी जबाबदारी असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पहिला प्रश्न आता असा केलाय: 'तुमच्या कुटुंबाच्या सध्याच्या उत्पन्नात परवडेल असं भाड्याचं घर तुम्हाला सहज मिळेल का?' 'भाडेनियंत्रण' काढून 'घरमालकाने वर्षाला किती भाडं वाढवावं यावर कायद्याने मर्यादा असावी का?' असं लिहिलं. 'बेघर' ठेवतेय, पण खाली एक ओळ घालून: 'यात नातेवाइकांकडे नाइलाजाने राहणारेही आले.'

आत्याला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिने 'कोणाला' असं विचारलं नाही. "नाही मिळणार," म्हणाली. शेवटच्या ओळीवर जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे लग्नाआधीची ती चार वर्षं मी काकांकडे होते, तीपण यात धरायची का?"