सायकल चोरीला गेली, ते ठीक. पण माज्जोरानीची नोकरी कोणामुळे गेली?

कॅमेऱ्यामागची

इटालियन दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्हज' (१९४८) परवा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये, विद्यार्थी असताना. तेव्हा शेवटी रडले होते. या वेळी मात्र फार आधी, पोस्टर चिकटवण्याच्या प्रसंगातच अडकले.

नोकरीचा पहिला दिवस. नायक अंतोनिओ शिडीवर चढून हॉलिवूडची नटी रीटा हेवर्थचं पोस्टर भिंतीवर चिकटवतोय. कागदाला सुरकुत्या पडतात, तो ब्रशने त्या दाबत राहतो, आणि तेवढ्यात खाली सायकल जाते. ते हात पाहा. कष्टाची सवय असलेले, पण या कामाला नवखे. नटाला हे दाखवावं लागलं असतं. अंतोनिओ झालेल्या लाम्बेर्तो माज्जोरानीला दाखवावं लागलं नाही, कारण तो रोमच्या ब्रेडा कारखान्यातला खराखुरा कामगार होता. नायकाच्या मुलाच्या भूमिकेसाठी पोरं निवडताना त्याच्या मुलाच्या निमित्ताने तो दे सिकाच्या नजरेत आला आणि मुलाऐवजी बापच निवडला गेला. चित्रपट संपला की सिनेमा विसरून कामावर परत जायचं, असं वचन दे सिकाने त्याच्याकडून घेतलं होतं.

तो परत गेलाही. पण कारखान्यात कामगारकपात झाली आणि त्यात त्याचा नंबर लागला. सिनेमात त्याने बख्खळ कमावलं असणार, दुसऱ्यांना नोकरीची गरज जास्त, असा हिशोब झाला. मग गवंडीकाम, मिळेल ते काम, अधूनमधून किरकोळ भूमिका. १९८३मध्ये तो रोममध्येच गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. दिग्दर्शकाने त्याचा चेहरा वापरला, त्यावर जगभर मान मिळवला, १९५०मध्ये ऑस्करचा विशेष पुरस्कारही चित्रपटाला मिळाला. त्या माणसाची जबाबदारी शेवटच्या शॉटला संपत नाही. दे सिका इथे कमी पडला.

रीळवाला

मुद्दा पटला नाही. नोकरीवरून काढलं कारखान्याने. राग त्यांच्यावर काढायचा सोडून दिग्दर्शकावर का?

दे सिकाची स्वतःची वाटचालही जरा बघा. घरची ओढाताण, म्हणून आधी कचेरीत नोकरी. १९२३पासून रंगभूमी. १९३२मध्ये दिग्दर्शक कामेरीनीच्या चित्रपटात गाणारा ड्रायव्हर झाला आणि पोरींच्या गळ्यातला ताईत बनला. तो देखणा, गोड गळ्याचा हिरो म्हणूनच जन्मभर राहू शकला असता. त्याने काय केलं? 'शूशाइन', 'बायसिकल थीव्हज', 'उंबेर्तो डी'. शेवटचा तिकीटबारीवर साफ आपटला, वर इटलीच्या सरकारातले आंद्रेओत्ती यांनी जाहीर पत्र लिहून झोडपलं, की देशाची बदनामी करतोस. नंतर १९५३मध्ये 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स'मध्ये मिशीवाला, रंगेल हवालदार-अंमलदार झाला. अभिनेता म्हणून दीडशेच्या वर चित्रपट. त्यातले कितीतरी निव्वळ पैशासाठी. जो माणूस स्वतःचे चित्रपट उभे करायला स्वतःचा चेहरा विकत होता, त्याने दुसऱ्याचा चेहरा फुकटात लाटला असं म्हणणं अन्याय आहे.

सावंतवाडीकर

रीळवाले, अर्धंच सांगितलंत. ते पैसे जुगारातही जात होते, हे तो स्वतःही लपवत नव्हता. सगळं कलेसाठी होतं असा हार घालू नका.

पण धागाकर्तीशीही मी सहमत नाही. सिनेमाबाहेरच्या माणसाला उचललं की त्याची माती होते, हे समीकरण खोटं आहे. 'शूशाइन'मधला पास्क्वाले झालेला फ्रांको इंतेर्लेंगी तेव्हा नवखा पोरगा होता. सात वर्षांत तो दिग्दर्शक फेलिनीच्या 'ई वितेल्लोनी'त होता, गाव सोडून जाणारा मोराल्दो. पुढे आयुष्यभर नट म्हणूनच जगला. 'उंबेर्तो डी'मधली मोलकरीण आठवते? सकाळी कॉफी दळता दळता पाय लांबवून दार लोटते, डोळ्यांत पाणी. ती मारिया पिया कासिलिओ. तिलाही अभिनयाचा अनुभव नव्हता. पुढे 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स'मध्ये दे सिकाच्याच सोबत दिसली आणि नंतरही कामं करत राहिली. त्याच 'उंबेर्तो डी'चा नायक कार्लो बात्तिस्ती भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता. भूमिका केली, परत आपल्या विषयाकडे. त्याचं काही बिघडलं नाही.

कॅमेऱ्यामागची

सावंतवाडीकर, तुमचीच उदाहरणं माझी बाजू मांडतायत. बात्तिस्तीकडे परत जायला विद्यापीठ होतं. इंतेर्लेंगी आणि कासिलिओ कोवळ्या वयाचे होते, त्यांना घडायला वेळ होता. माज्जोरानी चाळिशीकडे झुकलेला, घरात बायको-मुलं, आणि जगाच्या डोक्यात तो एकाच भूमिकेत कायमचा बसलेला. ज्याला मागे उभं राहायला जमीन नाही, त्याच्याबाबत दिग्दर्शकाने जास्त काळजी घ्यायची असते.

हे पुस्तकातून सांगत नाहीये. मी एका मराठी चित्रपटावर सहायक होते. गावातला एक मुलगा घेतला होता, अकरा वर्षांचा. चित्रीकरणात सगळ्यांचा लाडका. प्रदर्शनानंतर तो मला दर रविवारी दुपारी फोन करायचा, "ताई, पुढचं शूटिंग कधी?" पाच-सहा महिने मी "बघते हं" म्हणत राहिले. मग फोन यायचे थांबले. तेव्हापासून मला हा प्रश्न सोडत नाही.

रीळवाला

तुमचा अनुभव मनाला लागला, खरंच. पण मग करायचं काय? 'बायसिकल थीव्हज'मध्ये हॉलिवूडचा निर्माता सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, अट एकच: नायक म्हणून तिथला स्टार केरी ग्रांट. ते मान्य केलं असतं तर माज्जोरानी कारखान्यात सुखरूप राहिला असता आणि आपल्या हाती हा चित्रपट नसता. १९५२च्या जानेवारीत मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यातून प्रेरणा घेतलेला बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन' आला. ग्रांटला घेऊन हे झालं असतं? मला नाही वाटत.

कॅमेऱ्यामागची

त्याला घेऊ नये असं मी कधी म्हटलं? घ्यावाच. पण "परत कामावर जा" हे वचन घेतलं तेव्हा परत जायची वाट खुली राहील, याची खात्री कोणी करून घेतली? वचन एकाच बाजूने होतं.

गिरणगावातला

उशिरा येतोय. माझे वडील गिरणीत होते, संपानंतर घरी बसले, त्यामुळे कपातीच्या यादीत नाव कसं चढतं ते लहानपणी जवळून पाहिलंय. जो नजरेत भरतो त्याचं नाव आधी चढतं. माज्जोरानी साऱ्या रोमच्या नजरेत भरला होता. तेव्हा रीळवाले, कारखान्याने काढलं हे खरं, पण तो नजरेत कशामुळे भरला, हेही खरंच.

त्याला सगळेच विसरले असंही नाही. पटकथाकार झावात्तीनीने त्याच्या परवडीवरच एक पटकथा लिहिली. दे सिकाने 'उंबेर्तो डी'त छोटं काम दिलं. आणि दिग्दर्शक पासोलिनीने १९६२मध्ये 'मम्मा रोमा'त घेतलं. त्यात इस्पितळातल्या एका रुग्णाचा रेडिओ नायिकेचा मुलगा एत्तोरे चोरायला जातो. तो खाटेवरचा रुग्ण म्हणजे माज्जोरानी.

सावंतवाडीकर

हे माहीत नव्हतं. चौदा वर्षांनी पुन्हा त्याच्याच वस्तूवर डल्ला! पासोलिनीचा हा मुजराच आहे. जाणकार प्रेक्षक ओळखणार, आणि या वेळी चोर कोणाचा तरी पोरगा आहे हेही त्याला दिसणार. माज्जोरानीला इतिहासात जागा मिळाली ती अशी.

गिरणगावातला

मुजरा असेल. सिनेमाच्या बाजूने बघितलं तर सुंदरच आहे. पण मी तो प्रसंग पाहिला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की खाटेवर पडून राहायचं ते काम किती दिवसांचं असेल, आणि त्या आठवड्यात त्याला दुसरीकडे कुठे गवंडीकाम होतं का.