बाणेरच्या टेकडीवरची जुनी गायरानं : १९९७ आधीचं ग्रामपंचायतीचं दप्तर कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाणेर (पुणे) १९९७ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी तुकाईच्या टेकडीवर गुरं कुठून चढायची, गायरान कुठवर होतं, गवताचा लिलाव व्हायचा का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेतोय. सहाजणांशी बोलणं झालं, ध्वनिमुद्रण आहे. पण सीमांबद्दल प्रत्येकाची आठवण वेगळी. एक आजी म्हणतात बाणेश्वर लेण्याच्या वरचा सगळा उतार गावाचा, दुसरे आजोबा त्यातला निम्मा खाजगी सांगतात. म्हणून कागद हवेत, आणि लवकर हवेत, कारण ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आजवर पाहिलेलं: १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर (गायरानाबद्दल कामाचं काही सापडलं नाही), हल्लीचे सातबारा, थोडे जुने फेरफार. कडईपत्रक (जमिनीची जुनी महसुली नोंद) आणि जुना गावनकाशा मागण्यासाठी तहसील कचेरीत अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. मोडी वाचणारी मैत्रीण आहे, त्यामुळे लिपीची अडचण नाही. जमिनीचा कसलाही दावा नाही. नकलाही नकोत, बसून वाचता आलं तरी पुरे.

अडलंय ते ग्रामपंचायतीच्या ठराव-वह्यांपाशी. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांपैकी कुणी आपल्या गावाच्या वह्या प्रत्यक्ष पाहिल्यात का? त्या क्षेत्रीय कार्यालयात होत्या, पंचायत समितीत की जिल्हा परिषदेत, आणि अर्जात नेमकं काय लिहिल्यावर मिळाल्या?