मदत हवी आहे: ला स्कालाचा एक खोका मंद, आणि खुर्चीपर्यंत येणारा हिस्स

खर्जप्रेमी (धागाकर्ता)
क्लिप्श कंपनीचे ला स्काला हे हॉर्न स्पीकर, १९७७ ची जोडी. क्रॉसओव्हर (आवाज वूफर, स्क्वॉकर आणि ट्वीटर, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरमध्ये वाटणारं सर्किट) एए प्रकारचा, सगळे भाग मूळचे. पॉवर अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, १०० वॅट, त्याच्या आधीचा व्हॉल्यूमवाला प्रीअ‍ॅम्प वेगळा.

उजव्या खोक्यात झांजांची धार गेली आहे. ट्रंपेट आणि वरच्या पट्टीतला गळा दोन्हीकडून अंगावर येतो. काहीही वाजत नसताना ३ मीटरवरून हिस्स ऐकू येतो. शिवाय व्हॉल्यूमचं बटण जरासं हललं की आवाज एकदम मोठा, आणि त्या टोकाला डावं-उजवं सारखं राहत नाही. क्रॉसओव्हरमधल्या कॅपॅसिटरचा नवा संच मागवायच्या बेतात आहे. मागवू का?

ताराजोड
इतक्यात नको. तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींचा कॅपॅसिटरशी संबंध नाही.

हिस्स आधी घ्या. या स्पीकरची संवेदनशीलता कंपनीने १०४ डेसिबल दिली आहे, म्हणजे २.८३ व्होल्टला १ मीटरवर १०४. अ‍ॅम्पच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट नॉइज असेल तर १ मीटरवर साधारण ३५ डेसिबल ऐकू येईल. ८८ डेसिबलच्या स्पीकरवर तोच नॉइज १९ वर येतो, खोलीतल्या शांततेतही कळत नाही. अ‍ॅम्प बिघडलेला असेलच असं नाही, इथे तो उघडा पडतो एवढंच.

सगळं बंद करून पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल आणि ग्राउंड आतून जोडलेला) लावा, मग सुरू करा. हिस्स तसाच राहिला तर तो पॉवर अ‍ॅम्पचा, त्याला इलाज अ‍ॅम्प बदलणे. गेला तर प्रीअ‍ॅम्पचा, आणि तो स्वस्तात सुटतो: पॉवर अ‍ॅम्पच्या टोकाकडच्या प्लगमध्ये सिग्नलला १० किलो-ओहम सिरीजमध्ये, त्याच्या पुढे सिग्नल ते ग्राउंड ३.३ किलो-ओहम. साधारण १२ डेसिबल कमी. प्रीअ‍ॅम्पचा नॉइजही तेवढाच खाली जातो आणि व्हॉल्यूमचं बटण मधल्या टप्प्यात येतं, म्हणजे डाव्या-उजव्याची कुरकुरही मिटते. रेझिस्टर प्रीअ‍ॅम्पच्या टोकाला लावू नका. मग केबलमध्ये शिरलेला नॉइज तसाच पुढे जातो. प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर हा लोड त्याला जड पडू शकतो, मोठ्या किमती घ्या.

सुटेभाग
+१. मंद खोक्यासाठी: आधी अ‍ॅम्पकडच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करा. मंदपणा खोक्यासोबत राहिला तर दोन्ही के-७७ ट्वीटरची अदलाबदल. ट्वीटरसोबत गेला तर दोष त्याच्या डायफ्रॅमचा (आतल्या पडद्याचा), खोक्यातच राहिला तर क्रॉसओव्हरचा.

मल्टिमीटर लावणार असाल तर ड्रायव्हरची एक तार सोडवून मोजा. स्क्वॉकर जोडलेल्या अवस्थेत मोजला तर ऑटोट्रान्सफॉर्मरच्या (क्रॉसओव्हरमधला, स्क्वॉकरचा आवाज कमी करणारा) वेटोळ्यामुळे जवळपास शून्य दिसतं, आणि लोक चांगला ड्रायव्हर जळाला म्हणून काढून टाकतात.

खर्जप्रेमी
केलं. शॉर्टिंग प्लग लावल्यावर हिस्स पार गेला. ट्वीटरची अदलाबदल करूनही उजवा खोका मंदच. कॅपॅसिटर मात्र साध्या मीटरवर बरोबर किंमत दाखवतात!

सुटेभाग
दाखवणारच. तेल भरलेल्या जुन्या कॅपॅसिटरची, म्हणजे या डब्यांची, किंमत टिकते, आतला सिरीज रेझिस्टन्स (ईएसआर) वाढतो. त्यासाठी तो मोजणारा मीटर हवा. नवा पॉलिप्रॉपिलीन काही शतांश ओहम दाखवतो. १ ओहमच्या पुढे गेलेला डबा बाद समजा. ट्वीटरच्या वाटेत असे दोन डबे एकामागोमाग आहेत, म्हणून मार आधी झांजांना बसतो.

आता खुशाल मागवा. एका क्रॉसओव्हरला १३ मायक्रोफॅरड एक आणि २ मायक्रोफॅरड दोन, जोडीला याच्या दुप्पट. १३ चा मिळाला नाही तर १० आणि ३ पॅरलल. ५ टक्के टॉलरन्स, २५० व्होल्ट पुरेसं. दोन्ही खोक्यांत एकदमच बदला, नाहीतर डावं-उजवं पुन्हा वेगळं वाजेल. महागडे 'ऑडिओ' कॅपॅसिटर घ्यायची गरज मला वाटत नाही.

जुने डबे फोडू नका. १९७९ मध्ये अमेरिकेत पीसीबी या विषारी रसायनाच्या उत्पादनावर बंदी आली, तुमचे त्याआधीचे आहेत, तेलात ते असू शकतं. चिकट वाटले तर हातमोजे घाला आणि घातक कचऱ्यात द्या.

पितळी_कर्णा
अंगावर येण्याबद्दल कोणी बोललंच नाही. मधला धातूचा हॉर्न बोटाच्या पेराने ठोकून पाहा, टणकन वाजतो. बाहेरून डॅम्पिंग पट्टी गुंडाळा, तोंडाच्या आतल्या बाजूला काही लावू नका.

ताराजोड
पट्टीने ठोकल्याचा आवाज जातो हे खरं, गाण्यात फरक पडतो का यावर माझं मत वेगळं आहे. आधी बास बघा. खालचा आवाज बारीक असला की मधला आपोआप बोचतो. मोनो गाणं लावून एकाच खोक्याच्या तारा उलट करा. बास वाढला तर तशाच ठेवा. वूफरच्या कप्प्याची फळी सैल असेल, गॅस्केट चपटं झालं असेल तर तेही बदला. खोके कोपऱ्याच्या जवळ न्या. तरीही ५० हर्ट्झच्या खाली फार अपेक्षा ठेवू नका, तो हॉर्न तेवढाच आहे.

खर्जप्रेमी
स्क्वॉकर ऑटोट्रान्सफॉर्मरच्या एक टॅप (जोडणीचा टप्पा) खाली घेतला तर? चारवरून तीनवर.

सुटेभाग
३ डेसिबल कमी होईल, पण स्क्वॉकरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) क्रॉसओव्हरला आधीच्या दुप्पट दिसायला लागेल. १३ मायक्रोफॅरड तसाच ठेवला तर क्रॉसओव्हर ४०० हर्ट्झच्या बराच खाली सरकतो आणि स्क्वॉकर वूफरच्या हद्दीत शिरतो. कॅपॅसिटरची किंमत निम्म्यावर, ६.५ मायक्रोफॅरडच्या आसपास आणावी लागते. म्हणून नवे कॅपॅसिटर, मग जागा, आणि त्यानंतरही बोचलं तरच टॅप. ट्वीटरवरचे झेनर डायोड (जास्तीचा व्होल्टेज अडवणारे) मात्र राहू द्या, १०० वॅटसमोर त्या नाजूक कॉइलला तेवढाच आधार.