किल्ल्यांच्या जुडग्यात नक्की काय काय अडकवावं? (खिसा फाटायच्या आत सांगा)

फाटका_खिसा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या आठवड्यात पँटच्या उजव्या खिशाला आतून भोक पडलं. आधीच्या पँटलाही पडलं होतं तेव्हा कापडाला शिव्या घातल्या, पण या वेळी खिसा उलटा करून बघितला तर भोक बरोबर तिथेच जिथे जुडग्यातल्या चपट्या मल्टिटूलचा कोपरा घासतो. मग जुडगा वजनकाट्यावर टाकला, २१४ ग्रॅम! फोन त्यापेक्षा हलका आहे राव.

त्यात आहे काय तर घराच्या दोन किल्ल्या, ऑफिसच्या ड्रॉवरची, कारची, एक गोल पोकळ नळीसारखी किल्ली जी कसली आहे ते आता मलाच आठवत नाही, ते चपटं मल्टिटूल ज्यात सहा मापांचे पाने कापलेत (यातल्या एकाही मापाचा नट मला अजून रस्त्यात भेटलेला नाही), दोन बॉटल ओपनर (दोन का ते विचारू नका), पितळी शिट्टी, जाडजूड कॅराबिनर (स्प्रिंगने उघडणारी अडकवायची कडी) आणि एक टॉर्च जिचा सेल कधी मेला कळलंच नाही.

मी फ्लॅटमध्ये राहतो, ऑफिसला बस नाहीतर ट्रेन, कार आठवड्यातून एखाद वेळा. जंगलात वगैरे जात नाही, तंबू ठोकत नाही. तर शहरात रोज खरंच लागतं असं काय काय ठेवावं? व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण नवीन काहीतरी घ्यायलाच सांगतो, काढून टाका असं कोणीच सांगत नाही. जुडग्याचा फोटो खाली लावलाय.

चिमटा

आधी पाने काढ. शहरात नट-बोल्ट पिळायची वेळ येते ती घरी, आणि घरी खरा पाना असतो.

माझ्या जुडग्यात गेली कित्येक वर्षं एकच हत्यार आहे, स्विस चाकूवाल्या व्हिक्टोरिनॉक्सचं छोटं क्लासिक एसडी, ५८ मिमी लांब, वजन २०-२२ ग्रॅमच्या आसपास. लोक त्याला चाकू म्हणतात पण माझ्या लेखी ती कात्री आहे आणि सोबत चाकू फुकट मिळालाय. शर्टाचा लोंबणारा दोरा, नवीन कपड्याचा टॅग, गोळ्यांची पट्टी, बोटाला उलटलेलं नख, सगळं कात्रीचं काम. पात्याने दोरा कापायला गेलं तर दोरा ओढला जातो आणि शर्टाला चुण्या पडतात, करून बघ. दुसरा नंबर चिमट्याचा. तो मुठीतून सरकवून बाहेर येतो, दिसायला खेळण्यातला, पण लाकडी बाकावर हात फिरवताना तळव्यात कुसळ घुसली की त्याची किंमत कळते. त्यातल्या कानशीचं टोक चपट्या पेचकससारखं आहे, बारीकसारीक स्क्रू त्याने फिरतो.

एक खोड सांगून ठेवतो, कात्रीच्या आत जी बारीक स्प्रिंग असते ती कधीतरी तुटते, मग कात्री मिटते पण आपोआप उघडत नाही. घाबरायचं नाही, स्प्रिंग सुटी मिळते आणि बदलता येते, चिमटा आणि दातकोरणंही तसंच. आणि घेताना लक्षात ठेव की अॅल्युमिनियमच्या मुठीचं जे अॅलॉक्स मॉडेल येतं ते दिसायला झकास पण त्यात चिमटा आणि दातकोरणं नसतं. मी दिसण्यावर भुललो होतो, पस्तावलो.

जुना_कुलूपवाला

बाकी चर्चा नंतर करा, आधी तो फोटो काढा!! घराच्या दोन्ही किल्ल्यांचे दाते सरळ समोरून स्वच्छ दिसतायत. मी या धंद्यात आहे, किल्लीच्या खाचांची खोली ठरलेल्या पायऱ्यांची असते, म्हणजे मधलं माप नसतंच, एक तर ही पायरी नाहीतर ती. त्यामुळे बऱ्यापैकी फोटोवरून नजरेनेसुद्धा मापं काढता येतात. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी दुरून काढलेल्या फोटोवरून संगणकाने किल्लीची मापं काढून दाखवली होती, त्यात एक फोटो तर गच्चीवरून दुर्बिणीसारखी लेन्स लावून काढलेला. आणि आता प्रत्येकाच्या फोनचा कॅमेरा बघा कुठे पोचलाय. हे कीचेनचे शौकीन लोक टेबलावर सगळा खिसा मांडून फोटो टाकतात ना, मला बघून धडधडतं.

किल्लीवर कोरलेला नंबरही झाका, काही कुलपांना नुसत्या नंबरावरून किल्ली बनते. आणि हो, जुडग्याला पत्त्याचं लेबल लावू नका, हरवला तर चोराला घर शोधायचेही कष्ट नाहीत.

फाटका_खिसा

बाप रे. काढला फोटो. हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद काका.

रात्रपाळी

टॉर्च फेकू नकोस, सेल बदल. मी रात्री दीडला घरी येतो, जिन्यातला दिवा महिन्यातून दहा दिवस बंद असतो, माझ्या जुडग्यात सगळ्यात जास्त वापर टॉर्चचाच.

लोक लुमेनचे (उजेडाच्या मापाचे) आकडे बघून भुलतात. कुलपाचं भोक शोधायला दोन-पाच लुमेन पुष्कळ झाले, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम तीनशे लुमेन मारले तर पांढऱ्या दारावरून उलटून तुम्हीच आंधळे होता. तेव्हा कमीत कमी उजेड किती आणि बटण दाबल्यावर तो पहिला लागतो का ते बघून घे, जास्तीत जास्त किती ते जाहिरातवाले ओरडून सांगतातच.

सेलचं म्हणशील तर साधा अल्कलाइन ट्रिपल-ए टॉर्चमध्ये महिनोनमहिने पडून राहिला की गळतो, आतलं पोटॅश बाहेर येऊन पांढरी पापडी धरते आणि टॉर्चची नळी अशी जाम होते की पक्कड लावूनही फिरत नाही. तुझी फिरतेय का बघ. फिरत असेल तर त्यात दीड व्होल्टचा लिथियम ट्रिपल-ए टाक, वजनाला हलका असतो आणि गळायची भीती नसल्यात जमा. पण त्याच आकाराचा १०४४० नावाचा चार्ज होणारा सेल येतो, तो ३.७ व्होल्टचा, टॉर्च त्यासाठी बनलेली नसेल तर टाकू नकोस, एकदाच झगझगीत लागेल आणि मग कधीच नाही. चार्जिंगचा कंटाळा नसेल तर यूएसबीवाल्या चपट्या टॉर्चही मिळतात, फक्त चार्ज करायची आठवण ठेवायला लागते आणि मी तिथेच मार खातो.

नकोच_ते

सगळ्यांची माफी मागून, फोनला टॉर्च आहे की. आणि चाकूचं म्हणाल तर माझं अगदी असंच छोटं लाल हत्यार विमानतळावर गेलं. बॅग आधीच चेक-इनला दिली होती, जुडगा ट्रेमध्ये टाकला, पलीकडून तो तीनदा मशीनमधून फिरून आला आणि मग समोरच्या माणसाने काही न बोलता एका प्लॅस्टिकच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यात आधीच दहा-बारा पडलेली होती, सगळी लाल. वाढदिवसाला मिळालेलं होतं हो.

तेव्हापासून माझ्या जुडग्यात तीन किल्ल्या आणि कडी, बास. काही अडत नाही.

रात्रपाळी

@नकोच_ते फोनचा टॉर्च छानच आहे, जोवर फोनवर तुम्ही बोलत नसता, तो चार्जवर नसतो किंवा ३ टक्क्यांवर आलेला नसतो. शिवाय फोन दातात धरता येत नाही. दोन्ही हातात पिशव्या असताना टॉर्च दातात धरून लॅच उघडून बघा एकदा.

चिमटा

विमानाचं दुःख समजू शकतो, माझंही एक तसंच गेलंय. पातं कितीही बोटभर असलं तरी केबिनमध्ये चालत नाही हे धरूनच चालायचं. छोट्या कात्रीचे नियम देशोदेशी वेगळे, अमेरिकेत पिव्हटपासून (दोन पाती जोडणाऱ्या खिळीपासून) ४ इंचांपेक्षा लहान पातं असलेली कात्री चालते म्हणतात पण शेवटी समोरच्या माणसाच्या मनावर असतं. वारंवार उडणाऱ्यांसाठी व्हिक्टोरिनॉक्सचंच जेटसेटर नावाचं बिनपात्याचं मॉडेल आहे. विमानाशिवाय कोर्ट, स्टेडियम, काही सरकारी इमारती इथेही अडवतात, म्हणून माझं हत्यार वेगळ्या छोट्या कडीत आहे, निघताना पाच सेकंदात काढून ड्रॉवरमध्ये टाकतो. सगळं एकाच कडीत गुंफलं की ते काढायचा आळस होतो, आणि आळस झाला की डबा.

कडीवरून आठवलं, ती डबल वेटोळ्याची कडी नखाने उघडत बसू नका, नख तुटतं. स्टेपल काढायचं जे दातेरी चिमटं असतं त्याने वेटोळं अलगद उचललं जातं.

मधली_सीट

फाटका_खिसा दादा, तुम्ही कारची किल्ली बाकीच्यांबरोबर ठेवलीत ते मला सगळ्यात खटकलं. पिळायची किल्ली असेल तर २०० ग्रॅमचा झोका सारखा इग्निशनला लोंबतोय. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत फिरून इंजिन बंद पडायचं, आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. माणसं गेली त्यात. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना कंपनीचं सांगणं एवढंच होतं की किल्ली एकटी लावा, कडीत दुसरं काहीही नको. तुमच्या गाडीत तसा दोष असेलच असं अजिबात नाही, पण एवढं वाचल्यावर मी तरी कारची किल्ली वेगळी केली.

माझ्याकडे हत्यारं नाहीतच, तीन फालतू वाटणाऱ्या वस्तू आहेत. एक सेफ्टी पिन. दोन, सिम काढायची पिन, जी फोनच्या डब्यात पडून असते आणि लागते तेव्हा डबा दुसऱ्या घरी असतो. तीन, ब्लूटूथ ट्रॅकर, कारण मी वस्तू हरवण्यात पटाईत आहे. ट्रॅकरबद्दल गैरसमज असतो की त्यात जीपीएस आहे. नसतं. आसपासून जाणाऱ्या इतरांच्या फोनना त्याची हाक ऐकू येते आणि तेच ठिकाण कळवतात, म्हणून गर्दीच्या शहरात मस्त चालतो आणि ओसाड जागी मुका. एअरटॅग (अॅपलचा ट्रॅकर) असेल तर त्याला भोकच नाही, होल्डर वेगळा घ्यावा लागतो. सेल सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखा चपटा, साधारण वर्षभर जातो. मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या या सेलला कडू लेप देतात, तसले सेल एअरटॅगमध्ये कधी कधी चालत नाहीत. मी नवा कोरा सेल घालून अर्धा तास डोकं आपटत होते, शेवटी बिनलेपाचा घातला आणि चालू झाला.

शिट्टी मात्र ठेवा. लिफ्टमध्ये अडकले होते एकदा, अलार्मचं बटण दाबलं तर काहीच वाजलं नाही, ओरडून ओरडून पाच मिनिटांत घसा बसला. शिट्टीला घसा लागत नाही. पण पितळी नको, पितळ पाण्याच्या आठपट जड, आणि आत गोळी असलेली तर नकोच, कचरा जाऊन गोळी अडकते. बिनगोळीची प्लॅस्टिकची घ्या.

जुना_कुलूपवाला

ताईंचं कारचं बोलणं लाख मोलाचं. माझी एकच भर, किल्लीने खोके फाडू नका, डब्याची झाकणं उचकटू नका. टोक एवढंसं वाकतं, डोळ्याला दिसत नाही, मग कुलूप "अडकतं" म्हणून लोक तेल ओततात आणि तेलात धूळ बसून ते आणखी जाम होतं. आणि डुप्लिकेट करायची तर मूळ किल्लीवरून करा, डुप्लिकेटची डुप्लिकेट केली की दरवेळी थोडी चूक वाढत जाते.

किल्ल्यांनी फोनची काच चरते म्हणतात तेही पूर्ण खरं नाही, किल्ल्यांचं पितळ काचेपेक्षा मऊ असतं. चरे पाडते ती खिशातली वाळू, किल्ली ती फक्त घासायचं काम करते. खिसे झटका.

फाटका_खिसा

तीन आठवड्यांनी परत आलोय. कोणी कोणी मेसेज करून विचारलं म्हणून सांगतो.

काय लागतं ते कळावं म्हणून फोनवर नुसत्या रेघा मारत गेलो, जुडग्यातली वस्तू वापरली की एक रेघ. पाने शून्य. ओपनर एक (दुसरा शून्य). टॉर्च अकरा, सेल बदलल्यावर, नळी फिरली नशिबाने. कात्री बायकोच्या जुन्या क्लासिकची उसनी घेतली होती, चौदा, आणि आता ती परत मागतेय. पातं पाच वेळा, पाचही वेळा कुरियरच्या खोक्याची टेप. सेफ्टी पिन एकदाच, पण ती एक वेळ अशी होती की मीटिंगच्या आधी दोन मिनिटं पँटचं बटण तुटलं, तेव्हा ती रेघ मी दहाच्या बरोबरीची धरतो.

कारची किल्ली वेगळी केली. उरलेला जुडगा ७३ ग्रॅम, प्लॅस्टिकची शिट्टी धरून. नवीन पँट अजून शाबूत.

काका, एक राहिलंच, ती गोल पोकळ किल्ली, फोटोत पाहिली होती का तुम्ही?

जुना_कुलूपवाला

पाहिली होती. तोंडाशी गोलाकार खाचा, बाजूला एक छोटा उंचवटा, ट्यूब्युलर कुलपाची आहे. लॅपटॉपचं केबल लॉक, व्हेंडिंग मशीन नाहीतर सायकलचं कुलूप. व्हेंडिंग मशीन तुमच्याकडे नसावं असं धरतो.

फाटका_खिसा

सायकल!! चार वर्षं झाली विकून. घेणाऱ्याला मी कुलपासकट दिली होती आणि वर "एकच किल्ली आहे हां, सांभाळा" असंही सांगितलं होतं.