परदेशी निधीत अफरातफर झाली, तर फिर्यादी कोण?

खाडीकाठ (देवगड)

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ग्रीन क्लायमेट फंड या हवामान बदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातून काही कामे झाली आहेत. सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलरचे हे अनुदान आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत मंजूर झालेले आहे. या कामांत काही वावगे घडले असे मला मुळीच सुचवायचे नाही; प्रश्न कायद्याचा आहे. समजा, अशाच एखाद्या निधीतून बचत गटासाठी खेकड्यांची पिल्ले घेतली, बिलावर पाच हजार दाखवली, खाडीतल्या कुंपणात दोनच हजार सोडली आणि पोच मात्र पुऱ्या मालाची दिली. यात लुबाडले कोण गेले? गट, शासन, की ज्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात आहे तो फंड? आपल्या पोलीस ठाण्यात फिर्याद कोणी द्यायची? युरोपीय संघाने स्वतःच्या पैशाच्या रक्षणासाठी वेगळे अभियोग कार्यालयच काढले आहे असे वाचनात आले. ते कसे चालते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वकिली बाणा (रत्नागिरी)

आधी युरोपचे सांगतो, कारण आपण विचारलेला पेच तिथे चाळीस वर्षे चघळला गेला आहे. पैसा संघाचा, पण पोलीस, न्यायालये आणि तुरुंग सदस्य देशांचे, आणि पैशाचा बराचसा भाग खर्च होतो तोही त्याच देशांच्या खात्यांमार्फत. दुसऱ्याच्या तिजोरीसाठी आपला तपास अधिकारी राबवण्याची हौस कोणत्याही सरकारला नसते.

याचा नमुना म्हणजे १९८६ सालचे मक्याचे प्रकरण. युगोस्लाव्हियातला मका ग्रीसचा म्हणून कागदोपत्री दाखवून बेल्जियमला पाठवण्यात आला. मका संघाबाहेरचा असल्याने त्यावर जी शेतमालाची आकारणी भरायला हवी होती, ती बुडाली. काही ग्रीक अधिकारीच यात सामील होते, असे युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचे, म्हणणे होते. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. ग्रीस सरकारने ना पैसे वसूल केले, ना कोणावर खटला भरला. आयोग ग्रीसविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेला आणि २१ सप्टेंबर १९८९ रोजी निकाल लागला. आपल्या देशाच्या पैशाची लबाडी झाली असता जितक्या तत्परतेने कारवाई केली जाते, तितक्याच तत्परतेने संघाच्या पैशाच्या लबाडीवरही झाली पाहिजे आणि शिक्षा परिणामकारक, गुन्ह्याच्या प्रमाणात व जरब बसवणारी हवी, असे न्यायालयाने ठरवून दिले. हेच बंधन आज संघाच्या कामकाजविषयक कराराच्या कलम ३२५ मध्ये आहे.

तरीही घोंगडे बराच काळ भिजत पडले. सदस्य देशांनी अशा लबाडीविरुद्ध १९९५ मध्ये केलेला करार अमलात यायला २००२ उजाडले. १९९९ मध्ये ओलाफ हे लबाडीविरोधी कार्यालय निघाले, पण त्याची चौकशी प्रशासकीय. अहवाल देऊन शिफारस करायची आणि पुढे देशातला सरकारी वकील काय करतो याची वाट पाहायची. संघाच्या ५ जुलै २०१७ च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या आदेशाने, गुन्ह्यांच्या व्याख्या एकसारख्या केल्या. खोटी कागदपत्रे देणे, सांगणे बंधनकारक असलेली माहिती दडवणे आणि ज्या कामासाठी पैसा दिला त्याखेरीज अन्यत्र तो वापरणे, हे सगळे त्यात येते. एक लाख युरोपेक्षा जास्त नुकसान झाले असेल, तर कायद्यातील कमाल शिक्षा किमान चार वर्षे कैदेची असली पाहिजे, असेही त्यात आहे.

आपण ज्याविषयी वाचलेत ते युरोपीय अभियोक्ता कार्यालय १ जून २०२१ रोजी लक्झेंबर्ग येथे सुरू झाले. रुमानियाच्या भ्रष्टाचारविरोधी अभियोग विभागाच्या माजी प्रमुख लाउरा कोवेशी या त्याच्या पहिल्या मुख्य अभियोक्ता. त्याचे प्रतिनियुक्त अभियोक्ते त्या त्या देशातच बसतात, तपास तिथल्या कायद्याने करतात आणि खटला तिथल्याच न्यायालयात चालवतात. मात्र खटला भरायचा की नाही, हे लक्झेंबर्गमधील मंडळ ठरवते. माझ्या मते खरा बदल हाच आहे. शिक्षा वाढवल्याने फारसे साधले नसते. हात वर करण्याची मुभा स्थानिक यंत्रणेकडून काढून घेतली, हे महत्त्वाचे. अर्थात हे सामील देशांपुरतेच. सुरुवातीला २२ देश आले, २०२४ मध्ये पोलंड आणि स्वीडन आले. पण हंगेरी आरंभी बाहेरच राहिला, आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच बाहेर राहू शकतात ही या रचनेतली मोठी फट आहे.

जमाखर्च (कणकवली)

वकीलसाहेब, माहिती उत्तम. पण फौजदारी कायद्याच्या या उत्साहाची मला थोडी धास्ती वाटते. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे सांगतो, गावपातळीवरच्या गटांच्या दप्तरात चुका असतात त्या बहुधा अज्ञानाच्या. भरतीत पिल्ले वाहून गेली आणि साठा नोंदवही भरायची राहिली, तर बाहेरच्या लेखापरीक्षकाला ती अफरातफरच दिसणार. पुरवठादार मोकळा सुटतो आणि अध्यक्षबाई पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात.

वकिली बाणा (रत्नागिरी)

जमाखर्च, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्या निर्देशानेही तो विचारात घेतला आहे. गुन्हा ठरायला हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि दहा हजार युरोपेक्षा कमी नुकसानीत गुन्हा न नोंदवता अन्य कारवाई करण्याची मोकळीक देशांना आहे. शिवाय न्यायालयालाही एकदा आवरते घ्यावे लागले. इटलीत खटले लांबत आणि तोवर शिक्षा करण्याची कायदेशीर मुदत संपून आरोपी सुटत. म्हणून २०१५ मध्ये टारिको प्रकरणात, मूल्यवर्धित कराच्या गंभीर लबाडीत असा मुदतीचा कायदा आड येत असेल तर तो बाजूला ठेवा, असे युरोपीय न्यायालय म्हणाले. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने हरकत घेतली आणि ५ डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की गुन्हा व शिक्षा कायद्याने आधी ठरलेली असावी या तत्त्वाचा त्यामुळे भंग होत असेल, तर तसे करण्याचे बंधन नाही. संघाचा पैसा कितीही मोलाचा असला तरी आरोपीचे हक्क त्याहून वर राहिले, हे मला योग्य वाटते.

आता देवगडच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे अशा निधीसाठी वेगळा गुन्हा नाही. पैसा शासनाच्या खात्यातून फिरला आणि लोकसेवक गुंतला असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लागतो. खोटे बिल देणाऱ्या पुरवठादारावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. फसवून पैसे काढण्याला सात वर्षांपर्यंत कैद असल्याने इटलीसारखी मुदतीची अडचणही येत नाही. फिर्यादीसाठी तर फंडाची वाट पाहावी लागत नाही; दखलपात्र गुन्ह्याची खबर गटातली कोणतीही सदस्य देऊ शकते.

खाडीकाठ (देवगड)

आभारी आहे. मग अडते कुठे?

वकिली बाणा (रत्नागिरी)

पुराव्यात. मंजुरीचा करार, हप्ते सोडण्याच्या अटी आणि मूळ पत्रव्यवहार संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे असतो, आणि १९४६ च्या विशेषाधिकार करारानुसार तिचे दप्तर अबाधित असते. भारताने त्यासाठी १९४७ मध्ये कायदाही केला आहे. तपास अधिकारी तिथे झडती घेऊ शकत नाही. तिच्या अधिकाऱ्याने साक्ष द्यायची, तर महासचिवांनी संरक्षण मागे घ्यावे लागते. संस्थेने आपणहून कागद दिले तर खटला उभा राहतो. म्हणून माझा सल्ला असा, की गटाने पोच लिहिताना पिल्ले मोजून, तारीख घालून, दोन सदस्यांच्या सह्यांनिशी लिहावी आणि तिची एक प्रत स्वतःच्या दप्तरी ठेवावी. तो कागद जप्त करायला कोणाची परवानगी लागत नाही.

जमाखर्च (कणकवली)

आणि मोजणी ओहोटीला करावी, पुरवठादाराचा माणूस हजर असताना. त्याचीही सही घ्यावी.